डेटावाले सर

पुण्यात पीएच.डी.चा प्रबंध तीन ठिकाणी तयार होतो. पहिली तीन प्रकरणं उमेदवाराच्या घरी, रात्री मुलं झोपल्यावर. बांधणी बाइंडरकडे, काळ्या रेक्झिनवर सोनेरी अक्षरांत. आणि मधलं ते अवघड चौथं प्रकरण, ‘डेटा ॲनालिसिस अँड इंटरप्रिटेशन’, ते तयार होतं कुठल्या तरी जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, डेटावाल्या सरांकडे. विद्यापीठ असलेल्या प्रत्येक गावात असे एक सर असतातच. कोल्हापुरात आहेत, नागपुरात आहेत, नांदेडलाही आहेत असं ऐकतो. त्यांचं पूर्ण नाव फारसं कुणाला ठाऊक नसतं. मोबाइलमध्ये ते ‘एसपीएसएस सर’ म्हणून सेव्ह केलेले असतात आणि प्रबंधाच्या ऋणनिर्देशात औषधालाही सापडत नाहीत. ऋणनिर्देशात आईवडील असतात, गाइड असतात, प्राचार्य, ग्रंथपाल, नवरा, ‘वेळोवेळी मुलांना सांभाळणाऱ्या’ सासूबाई असतात, ‘सुबक अक्षरजुळणीबद्दल’ आम्हीसुद्धा असतो. सर नसतात. त्यांचं नाव घातलं तर आकडेमोड आपण केली नाही हे उघड होईल, अशी भीती. सरांना याचं काही वाटत नाही. “मिसिंग व्हॅल्यू,” एवढंच म्हणतात.

आमचं डीटीपीचं दुकान त्यांच्याच जिन्याखाली आहे. वर जाणारा उमेदवार आधी आम्हाला विचारतो, “सर आहेत का? मूड कसा आहे?” आणि उतरताना बहुतेक वेळा आमच्याच बाकड्यावर बसून पाणी मागतो. त्यामुळे रिग्रेशनचा ‘र’ न शिकताही आम्हाला व्हीआयएफ म्हणजे काय, हे साधारण कळतं.

सर मूळचे सातारा जिल्ह्यातले. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे हे बुधचे, १९११ साली जन्मलेले, ही गोष्ट ते दुसऱ्या वाक्याला सांगतात; बुध आपल्या गावापासून किती कोसांवर, हे तिसऱ्या. टेबलावर पानसे आणि सुखात्मे यांचं शेतकी संशोधकांसाठी लिहिलेलं १९५४चं संख्याशास्त्राचं पुस्तक असतं, त्याला ब्राउन पेपरचं कव्हर, दरवर्षी जूनमध्ये नवं. सरांची उमेदीची वर्षं सरकारी नोकरीत पीककापणीचे प्रयोग करण्यात गेली. गावाच्या यादीतून सर्व्हे नंबर रँडम निवडायचा, शेतात एका कोपऱ्यापासून रँडम आकड्याइतकी पावलं टाकायची, जिथे पाय थांबेल तिथे दोरी लावून तुकडा आखायचा, तेवढंच पीक कापून, मळून, तोलायचं. दर वेळी शेतकरी म्हणायचा, “साहेब, हा भाग चिबड आहे, पलीकडं लावा दोरी.” पैसेवारी कमी लागावी असं वाटणारा दुसरा म्हणायचा, “साहेब, तिकडं लई दाट हाय, हितं लावा.” सर दोरी सरकवायचे नाहीत. सरपंच आले, पाटील आले, एकदा म्हणे एक बैल अंगावर आला. दोरी जिथल्या तिथे. बदल्या बऱ्याच झाल्या.

रँडम आकड्यांचा तक्ता अजूनही त्यांच्या शर्टाच्या खिशात घडी करून असतो. हापूसची पेटी घ्यायला गेले की वरचा थर बघत नाहीत. तक्ता काढतात, डोळे मिटून पेन टेकवतात आणि सांगतात, “खालच्या थरातला, डावीकडून चौथा दाखव.” मंडईतला आंबेवाला त्यांना लांबून बघूनच म्हणतो, “सर, आज नाही पेटी.”

ऑफिस म्हणजे रस्त्याकडची एक खोली; मागच्या दोन खोल्यांत घर. भिंतीवर संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिसांचा फोटो, त्याला २९ जूनला, जयंतीला, हार. त्या दिवशी जिन्यातल्या सगळ्यांना सरांकडून चहा असतो. एसपीएसएस सॉफ्टवेअरमध्ये ‘महालनोबिस’ नावाच्या चौकोनात टिक करताना सरांचा डावा हात आपोआप कानाच्या पाळीला लागतो. एखाद्या माणसाची सगळी उत्तरं मिळून तो कळपापासून किती लांब उभा आहे, हे महालनोबिस अंतरावरून कळतं. फोटोच्या शेजारी, गणपतीच्या जरा खाली, फ्रेम केलेल्या चार आकृत्या आहेत. पहिल्यांदा येणारा त्यांना मॉडर्न आर्ट समजतो. त्या आहेत ॲन्सकोम्ब नावाच्या संख्याशास्त्रज्ञाच्या, १९७३ सालच्या. चारही चित्रांत अकरा अकरा ठिपके. चारही ठिकाणी एका बाजूची सरासरी ९, दुसरीची ७.५, ठिपक्यांतून जाणारी रिग्रेशनची रेघ तीच, आर-स्क्वेअर ०.६७ तोच. आकड्यांत बघाल तर चारी जुळी. चित्रात बघाल तर एकात ठिपके रेघेभोवती नीट पसरलेत, दुसऱ्यात कमानीत वळलेत, तिसऱ्यात सगळे शहाण्यासारखे एका रेघेत आणि एकच फटकून वर, चौथ्यात दहा जण एकावर एक उभे आणि लांबच्या एका ठिपक्यानं सगळी रेघ आपल्याकडे ओढून नेलीय. “आधी बघा, मग मोजा,” सर सांगतात. उमेदवार बघतो आणि विचारतो, “सर, किती दिवसांत होईल?”

दारावर पाटी आहे. ती आम्हीच सेट केली. ‘आकडे जसे असतील तसे निकाल मिळतील. पी-व्हॅल्यू कमी करून मिळणार नाही. घासाघीस करू नये. गाइडने सांगितले आहे, हे कारण समजले जाणार नाही.’

आता व्यवहाराचं सांगायचं तर सॉफ्टवेअरला हे सगळं लागतच नाही. एसपीएसएस १९६८ साली स्टॅनफर्डमध्ये सामाजिक शास्त्रांसाठी तयार झालं, तेव्हा पंच कार्डांच्या गठ्ठ्यांवर चालायचं. २००९मध्ये आयबीएमनं ते विकत घेतलं. आज कुणीही ॲनालाइझ, रिग्रेशन, लिनिअर अशा तीन पायऱ्या उतरतो, एका व्हेरिएबलला वरच्या घरात टाकतो, बाकीच्यांना खालच्या, ओके दाबतो. अर्ध्या सेकंदात चार तक्ते हजर. सरांकडे या अर्ध्या सेकंदापर्यंत पोचायला तीन महिने लागतात. समोरच्या इमारतीत एक चुणचुणीत पोरगा आहे, तो दोन दिवसांत देतो, वर गॅरंटी: स्टार आले नाहीत तर पैसे परत. आकड्याच्या डोक्यावर स्टार असला की तो सिग्निफिकंट, आणि सिग्निफिकंट असला की गाइड खूश. तो पोरगा काही लबाडी करतो असं नाही. तो फक्त सगळं सगळ्यावर घालून बघतो. सर म्हणतात, वीस बिनकामाची व्हेरिएबलं घाला, पाच टक्क्यांच्या हिशेबानं सरासरी एकाला तरी नशिबानं स्टार मिळणारच. मग उमेदवार त्या एकावर अख्खं पाचवं प्रकरण लिहितो.

बारामतीकडच्या एका मॅडम त्या पोराकडे न जाता सरांकडे आल्या, कारण तो नेमका त्या आठवड्यात लग्नासाठी गावी गेला होता. कॉमर्सच्या प्राध्यापिका. विषय: महाविद्यालयीन अध्यापिकांचं जॉब सॅटिस्फॅक्शन. मी प्रूफं द्यायला वर गेलो होतो, तेव्हा संवाद सुरू होता.

“सर, मल्टिपल रिग्रेशन काढायचंय.”

“कशासाठी?”

“चौथ्या प्रकरणासाठी.”

“ते झालं हो. प्रश्न काय आहे तुमचा?”

“प्रश्न काही नाही सर, सगळं नीट आहे.”

सरांनी चष्मा काढून पुसला. हे चिन्ह चांगलं नव्हे. मॅडमनी पेन ड्राइव्ह दिला. त्यांच्या भाच्याच्या लॅपटॉपवर, कुणाकडून तरी आलेल्या सॉफ्टवेअरच्या कॉपीवर एकदा सगळं काढून झालं होतं आणि आर-स्क्वेअर आला होता १.०००, म्हणजे शंभर टक्के. गाइडनी फोनवर ‘परफेक्ट’ म्हटलं होतं. घरी पेढे आले होते.

सरांनी फाइल उघडली. पाच मिनिटं माउसचाच आवाज.

“मॅडम, तुमचं सॅटिस्फॅक्शन म्हणजे काय धरलंय?”

“सहा प्रश्नांच्या गुणांची बेरीज, सर. पगार, सहकारी, वेळ, असे सहा.”

“आणि खाली इंडिपेंडंटमध्ये काय टाकलंय?”

“तेच सहा प्रश्न.”

“म्हणजे बेरजेवर तिच्याच सहा भागांचा किती परिणाम होतो, ते तुम्ही तपासलंत. शंभर टक्के होतो. अभिनंदन. यासाठी यूजीसीची मान्यता लागत नाही, पाटी-पेन्सिल पुरते.”

मॅडम खाली बघत राहिल्या. सर पुढच्या कॉलमवर गेले. मुलांची संख्या. सरासरी सात. मॅडमना आश्चर्य वाटलं. सरांना वाटलं नाही. ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांच्यापुढे भाच्यानं ९९ टाकलं होतं, आणि ९९ म्हणजे ‘उत्तर नाही’ हे सॉफ्टवेअरला कुणी सांगितलं नव्हतं. व्हेरिएबल व्ह्यूमध्ये ‘मिसिंग’चं एक घर असतं, ते भरायचं राहून गेलं होतं. त्यामुळे पुणे, सातारा, सोलापूर आणि सांगली जिल्ह्यांत काही अध्यापिका नव्व्याण्णव मुलं सांभाळून तासाला वेळेवर येत होत्या. “तरी सॅटिस्फाइड आहेत,” सर म्हणाले. “दोन डिग्र्या द्यायला हव्यात.”

जिल्ह्यांचं तर त्याहून बिकट. पुणे १, सातारा २, सोलापूर ३, सांगली ४ असे आकडे दिले होते आणि तसेच इंडिपेंडंटमध्ये ढकलले होते.

“कॉम्प्युटरला भूगोल येत नाही, मॅडम. त्याला वाटतं, सोलापूर म्हणजे तीन पुणी. पुण्याकडून साताऱ्याला जाताना समाधान जेवढं वाढतं, तेवढंच सोलापूरकडून सांगलीला जाताना वाढलं पाहिजे, असं तुम्ही त्याला बजावलंय. इथे डमी लावावे लागतील.”

“डमी नको सर,” मॅडम घाईनं म्हणाल्या. “आमच्या सेंटरवर मागच्या परीक्षेला डमीवरून फार झालंय.”

मग सरांनी समजावलं. चार जिल्हे, म्हणून तीन डमी. सातारा असेल तर एक, नाही तर शून्य. तसंच सोलापूर, तसंच सांगली. पुण्याला डमीच नाही, बाकीचे तिघे पुण्यापेक्षा किती वर किंवा खाली, तेवढं बघायचं.

“पुणंच का सर?”

“कुणाला तरी बेस धरावंच लागतं. पुण्याला सवय आहे.”

वय आणि अनुभव दोन्ही मॉडेलमध्ये घालायचे, असा गाइडचा आग्रह होता. कॉलेजात तेविसाव्या वर्षी लागलेली बाई वयानं जेवढी वाढते तेवढीच अनुभवानं वाढते. दोघांचा व्हीआयएफ, म्हणजे एकमेकांत किती गुंतलेत याचं माप, तेराच्या पुढे. दोन जावांनी एकाच कढईत मीठ टाकल्यावर ते कुणाचं जास्त झालं हे सासूलाही सांगता येत नाही, तसं वयाचा परिणाम किती आणि अनुभवाचा किती, हे वेगळं काढणं सॉफ्टवेअरच्या हातात राहत नाही. दोन्ही आकडे डुगडुगायला लागतात, एकाचं चिन्ह उलटंच होतं. भाच्याच्या तक्त्यात अनुभव वाढला की समाधान वाढत होतं आणि वय वाढलं की कोसळत होतं. त्यावर मॅडमनी रजोनिवृत्तीविषयी दीड पान लिहूनही ठेवलं होतं.

चहा घेऊन काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, आल्या त्या इथे. सरांचं कुणाबरोबर तरी वाजतंय असा अंदाज आला की काकू चहा आणतात. मॅडमची अवस्था बघून त्यांनी विजेच्या बिलाची गोष्ट काढली. ती आम्हाला जिन्यात सगळ्यांना पाठ आहे, पण काकू सांगतात तेव्हा ऐकावीशी वाटते.

सरांनी घरच्या विजेच्या बिलाचं मॉडेल केलं होतं. वर बिलाचा आकडा. खाली घरातली माणसं, दुरुस्तीला गेलेला फ्रीज, दिवाळी आणि एक डमी: मेहुणे मुक्कामी असतील तर १, नसतील तर ०. निकाल लागला तेव्हा मेहुण्यांच्या डोक्यावर दोन स्टार. सरांनी प्रिंट काढून ती जेवणाच्या टेबलावर ठेवली. टिप्पणी एका शब्दाचीही नाही. तक्ता बोलेल, अशी अपेक्षा.

काकूंनी तक्ता वाचला. त्या बँकेत होत्या, आकड्यांना बिचकत नाहीत. “माझा भाऊ कधी येतो?” त्यांनी विचारलं.

“मे महिन्यात.”

“मे महिन्यात पंखे किती तास चालतात?”

सर गप्प.

“कूलर कधी काढता माळ्यावरून?”

सर आणखी गप्प.

“आणि तुमच्या ताई मे महिन्यातच महिनाभर असतात, त्यांचा कॉलम कुठाय?”

इथे दुसरा नवरा चिडला असता. सर टुणकन उठले. “ओमिटेड व्हेरिएबल! अगं, ओमिटेड व्हेरिएबल बायस!” असं जिन्यात येऊन ओरडले, आम्हाला वाटलं शॉर्टसर्किट झालं. त्यांनी तपमानाचा कॉलम घातला, ताईंचा घातला, पुन्हा ओके दाबलं. मेहुण्यांचे स्टार गेले. उन्हाळ्याचं पाप त्यांच्या डोक्यावर बसलं होतं.

“म्हणजे माझ्या भावामुळे बिल वाढत नाही,” काकू म्हणाल्या.

“परिणाम शून्यापेक्षा वेगळा आहे, असं म्हणता येत नाही.”

“म्हणजे वाढत नाही.”

“वाढत नाही असंही म्हणता येत नाही. पुरावा अपुरा आहे.”

“मग पुरावा पुरेसा व्हायला काय लागेल?”

सर खरं बोलणारे. “तो आणखी काही वेळा यायला हवा,” म्हणाले. त्या वर्षी मेहुणे दिवाळीलाही आले, गणपतीलाही आले.

सरांच्या या स्वभावाचा त्रास शेजाऱ्यांनाही होतो. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाला घटक चाचणीत पैकीच्या पैकी पडले, सहामाहीत जरा खाली आले. त्याची आई दृष्ट काढायला मीठमोहऱ्या घेऊन निघाली, तर सरांनी जिन्यात अडवून गॉल्टन नावाच्या शास्त्रज्ञाचा १८८६चा निबंध सांगितला. फार उंच आईबापांची मुलं उंच असतात, पण आईबापांइतकी नसतात, सरासरीकडे झुकतात. “दृष्ट नाही हो वहिनी, पहिल्या वेळी नशीब थोडं जास्त लागलं होतं इतकंच.” त्या वहिनी अजून सरांशी बोलत नाहीत.

मॅडमची फाइल साफ व्हायला दिवाळी आली. मध्ये गाइडचा फोन आला, स्पीकरवर. हे गाइड प्रत्यक्षात कधी कुणी पाहिलेले नाहीत.

“ते ॲडजस्टेड आर-स्क्वेअर किती येतोय म्हणालात?”

“०.०९.”

“अहो, मग ॲडजस्ट करा की थोडा. नावातच आहे.”

सरांनी फोन टेबलावर ठेवला, दोन घोट पाणी प्यायले आणि अत्यंत शांतपणे सांगितलं, की मॉडेलमध्ये व्हेरिएबलं वाढवत गेलं की साधा आर-स्क्वेअर फुगतच जातो, भलतंसलतं घातलं तरी. ही फूग काढून टाकायची सोय म्हणून तो दुसरा आकडा असतो आणि ती सोय खाली जाणारी आहे.

“मग स्टेपवाइज लावा.”

“नाही लावणार.”

“का?”

“त्यात कोण आत आणि कोण बाहेर हे मशीन ठरवतं. आपण बायकांना भेटून आलोय, मशीन नाही.”

फोन तिकडून कट झाला. मॅडमच्या डोळ्यांत पाणी. त्यांचं एवढंच म्हणणं होतं की पगार तरी सिग्निफिकंट यावा, कारण पहिल्याच प्रकरणात गृहीतक तसं मांडलंय. पगाराचा बी, म्हणजे रुपयागणिक समाधानात पडणारा फरक, येत होता ०.००००२. त्यांनी पगार रुपयात दिला होता. सरांनी त्यांच्यासमोर पगार हजारांत करून दाखवला. बी हजारपट झाला, ०.०२. मॅडमचा चेहरा उजळला. शेजारच्या ‘सिग’च्या, म्हणजे पी-व्हॅल्यूच्या, घरात मात्र आकडा तोच, ०.३१, हललाच नाही. मॅडमनी विचारलं, लाखांत करून बघायचं का.

पी-व्हॅल्यूबद्दल सरांनी एक पान मराठीत लिहिलंय. २०१६मध्ये अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशननं निवेदन काढून सांगितलं होतं, की पी-व्हॅल्यू म्हणजे तुमचं गृहीतक खरं असण्याची शक्यता नव्हे, आणि तिच्यावरून परिणाम मोठा की छोटा हेही ठरत नाही. त्याचा हा सारांश. येणाऱ्या प्रत्येकाला एक प्रत फुकट. वाचत कुणी नाही, पण दर वर्षी नव्यानं छापावं लागतं, त्यामुळे आमची काही तक्रार नाही. त्यात शेवटी ठळक टायपात आहे: ‘तक्त्यात .००० दिसले तरी प्रबंधात शून्य लिहू नये. ०.००१ पेक्षा कमी असे लिहावे. जगात शून्य शक्यता फार थोड्या गोष्टींना असते.’ सॉफ्टवेअरच्या अलीकडच्या आवृत्त्या ते स्वतःच तसं लिहून देतात. सर याला आपला नैतिक विजय समजतात.

शेवटी एका संध्याकाळी सरांनी ओके दाबलं. तक्ते आले. वय काढून टाकल्यावर अनुभवाचा किरकोळ परिणाम, कॉलेज घरापासून किती लांब याचा थोडासा, पगाराचा काही नाही, जिल्ह्यांचा काही नाही. एकूण नऊ टक्के.

“म्हणजे सर, सगळं फुकट?”

“माणसाच्या समाधानातला नऊ टक्के फरक तुम्हाला उमगलाय. आम्हाला लग्नाला चाळीस वर्षं होऊन एवढा नाही उमगला.” आतून काकूंनी भांडं जरा मोठ्यानं ठेवलं.

इतर ठिकाणी इथे काम संपतं. सरांचं इथे सुरू होतं. ते खुर्ची पुढे ओढतात, बाह्या वर करतात आणि रेसिड्युअल्स उघडतात, म्हणजे मॉडेलनं सांगितलेलं समाधान आणि प्रत्यक्षातलं समाधान यांच्यातली तफावत, माणसागणिक. ज्यांची तफावत फारच मोठी, त्यांची नावनिशी सॉफ्टवेअर वेगळ्या तक्त्यात देतं. मॅडमच्या तक्त्यात एकच ओळ होती. केस नंबर ११७. विनाअनुदानित तुकडीवर, तासिका तत्त्वावर, रोज दोन एसट्या बदलून येणारी. मॉडेल म्हणत होतं, बाई वैतागलेली असणार. बाईंनी सगळीकडे पाच पैकी पाच दिले होते.

“उडवून टाकू का सर? समोरचा मुलगा म्हणाला होता, आउटलायर उडवतात.”

“दोरी नाही सरकवायची,” सर म्हणाले. मॅडमना कळलं नाही. “मूळ फॉर्म आहे?”

फॉर्म बारामतीला, पलंगाखालच्या सुटकेसमध्ये. पुढच्या शनिवारी सुटकेसच वर आली. आमच्या पोऱ्यानं जिन्यावरून चढवली. ११७ नंबरचा फॉर्म निघाला. भाच्याचं टायपिंग बरोबर होतं, खरंच सगळे पाच. (त्याच गठ्ठ्यात मागचे काही फॉर्म एकाच शाईत, एकाच तिरक्या टिकेनं, सगळे चार चार असे भरलेले निघाले. भाच्याकडे बघून मॅडमना जे समजायचं ते समजलं. ते फॉर्म सरांनी काढून टाकायला लावले, आणि गणित पुन्हा पहिल्यापासून.) तर ११७च्या फॉर्मच्या शेवटी, ‘अन्य काही सांगायचे असल्यास’ या ओळीपुढे, बाईंनी निळ्या पेनानं लिहिलं होतं: ‘नोकरी आहे म्हणून दिवसभर घरी राहावे लागत नाही.’

सरांनी फॉर्म मॅडमकडे सरकवला. “घराविषयी किती प्रश्न आहेत तुमच्या प्रश्नावलीत?”

एकही नव्हता. पगार होता, प्राचार्य होते, स्टाफरूममधले पंखे होते. मॅडम बराच वेळ फॉर्म धरून बसल्या. मग त्यांनी सुटकेसमधले बाकीचे फॉर्म काढले आणि फक्त शेवटची ओळ वाचायला सुरुवात केली. त्या दिवशी सरांनी रात्री नऊपर्यंत दिवा चालू ठेवला, आणि कुणाचाही कॉलम नसताना बिल वाढवलं.

मॅडमनी पाचवं प्रकरण स्वतः लिहिलं. आम्ही जुळवलं, म्हणून वाचलं. पगाराचा परिणाम आढळला नाही, असं त्यांनी साध्या शब्दांत लिहिलं होतं, आणि पुढे, नऊ टक्क्यांच्या बाहेर जे राहिलं त्याबद्दल चौदा पानं. गाइडनी नाराजीनं सही केली. व्हायव्हाला एक्स्टर्नल बाहेरच्या राज्यातले होते. त्यांनी आधी डर्बिन-वॉटसन विचारलं, ते १.९ म्हणजे हवं तसं दोनच्या जवळ होतं; मग चार पानं उलटली आणि उरलेला पाऊण तास फक्त ११७ नंबरवर बोलले. मॅडम पास झाल्या. सरांना पेढे आले, आम्हाला आले, भाच्याला आले की नाही माहीत नाही.

बातमी कॉलेजाकॉलेजांतून फिरायला वेळ लागत नाही. महिन्याभरात जिन्यात तिघी नव्या आल्या, एक तर थेट समोरच्या पोराकडून ॲडव्हान्स परत घेऊन. मी वर होतो तेव्हा त्यांतली पुढारी खुर्चीत सावरून बसली आणि म्हणाली, “सर, त्या मॅडमना दिलं तसंच आम्हालाही द्या. सिग्निफिकंट नसलेलं. आणि तो एक आउटलायरही हवा, चांगल्या अक्षरात काहीतरी लिहिलेला. एक्स्टर्नलना आवडतं म्हणे. काय असेल ते आम्ही जास्त देऊ.”

सरांनी चष्मा काढून पुसला. “तुमचा प्रश्न काय आहे?” एवढंच विचारलं, आणि तिघींनी एकमेकींकडे पाहिलं.

त्या गेल्यावर सर खाली आले. दारावरच्या पाटीत एक ओळ वाढवायची होती: ‘सिग्निफिकंट नसलेले निकालही ऑर्डरप्रमाणे मिळणार नाहीत.’ पाटीत जागा नव्हती. आम्ही टाइप दोन पॉइंटांनी बारीक करून बसवली, प्रूफ काढलं. सरांनी ते दोनदा वाचलं, ‘ऑर्डरप्रमाणे’वरचा रफार तपासला आणि विचारलं, “लॅमिनेशनचे वेगळे का?”